गव्हात मेंढ्या

गेल्या वर्षीची चार नोव्हेंबर. सकाळी खालच्या रानात उकिडवी बसून मी खुरप्याच्या टोकाने जमिनीचा वरचा थर उचलून बघत होते. थोडं पुढे सरकायचं, पुन्हा उचलायचं. सगळीकडे एकच चित्र. वर वाळून टणक झालेली मातीची पापडी, आणि तिच्याखाली गव्हाचा पांढुरका कोंब, वर यायला वाट नाही म्हणून आडवा वळलेला. काही कोंब तर शंखासारखे स्वतःभोवतीच गुंडाळले गेले होते.

पेरणीला आठवडा उलटून गेला होता आणि मधेच मावठा पडला होता. मावठा म्हणजे आमच्या माळव्यात दिवाळीच्या आगेमागे किंवा थंडीत येणारी अवेळी सर. उभ्या गव्हाला ती हवीहवीशी, नुकत्याच पेरलेल्या गव्हाला घातक. काळ्या जमिनीवर हलकी सर पडली आणि लगेच कडक ऊन पडलं की माती थापून वाळवल्यासारखी बसते. कोंब खालून डोकं लावतो, दोन-तीन दिवस धडपडतो आणि मग सडतो. अशा वेळी शेतकरी रान मोडतो आणि दुसरं बी आणून पुन्हा पेरतो. मला हे बी दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलंय, तेव्हा ते काम आधी सांगते. मी बागलीजवळ बियाण्याची शेती करते. इतर लोक खायला पिकवतात, आम्ही दुसऱ्याने पेरावं म्हणून पिकवतो. फरक स्वच्छतेचा. गव्हाच्या रानात एखादी ओंबी इतरांपेक्षा चार बोटं उंच निघाली, एखादीची कुसळं लालसर दिसली, की ते झाड मुळासकट उपटायचं. भेसळ काढणं म्हणतात याला. ओंब्या बाहेर पडल्या की ओळीओळीतून हेच करत मी हिंडत असते. शेजारच्या बायका म्हणतात, "भाभीजी तो खेत की जुएँ बीन रही हैं." वर्णन अगदी बरोबर आहे. उवा काढण्याइतकंच ते कंटाळवाणं, आणि एक राहिली तर सगळं फुकट.

माझं माहेर देवासचं. वडील साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आले आणि लेथवर काम करून निवृत्त झाले. लग्नाआधी मी मातीत हात घातला तो कुंडीत तुळस लावण्यापुरता. लग्न झालं बागलीच्या शाळेत शिकवणाऱ्या श्रीकांतशी, पण शिकले मी ते सासऱ्यांकडून. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ मूठभर दाणे तोंडात टाकून चावतात आणि डोळे मिटून उभे राहतात, जसं काही दाणाच त्यांच्या कानात बोलणार आहे. दुसऱ्या एकांना पोतं माझ्या हातूनच लागतं. श्रीकांतच्या हातचं बी उगवत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. दर हंगामात त्यांच्या श्रद्धेचं ओझं माझ्या कमरेवर पडतं.

धरमपुरीकडच्या एका शेतकऱ्याचा मात्र एकदा फोन आला तोच ओरडत. "मैडम, आपका बीज अंधा है! एक दाना नहीं निकला!" बियाणेवाल्याला याहून मोठी शिवी नाही. मी आणि श्रीकांत मोटारसायकलवरून तिथवर गेलो. त्याचं रान नर्मदेच्या अंगाला, जड मातीचं. मी एका जागी खणलं. दाणे सगळे फुटलेले, कोंब लांब झालेले आणि पापडीखाली गुदमरून काळे पडलेले. बी डोळस होतं, दार बंद होतं. त्याने एक काळा कोंब उचलून हातावर घेतला. मग म्हणाला, "तो ये पापड़ी फोड़ते कैसे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने चहा पाजला, दुसऱ्या दिवशी रान मोडलं आणि पुढच्या वर्षी बी न्यायला पुन्हा माझ्याकडेच आला. त्या चहाची आणि त्याच्या प्रश्नाची आठवण मला अधूनमधून यायची.

आता खालच्या रानातल्या गव्हाविषयी. आमचं घर या गावात जितकं जुनं, जवळजवळ तितकाच हा गहू आमच्या घरात जुना.

माझे आजेसासरे संस्थानच्या नोकरीत कारकून होते. कलमापेक्षा जड काही त्यांनी उचललं नव्हतं. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या आटल्या, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी इंदूर-उज्जैनला नोकऱ्या शोधल्या. आजेसासऱ्यांनी कांस माजलेली पडीक जमीन मागितली. ती दुसरं कोणी मागत नव्हतं, म्हणून लगेच मिळाली. अट एकच, ठरल्या मुदतीत ती तोडून लागवडीखाली आणायची.

कांस म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत. पावसाळा सरताना त्याला पांढरे तुरे येतात आणि शहरातली माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. ज्याने कांस खणलाय तो काढत नाही. त्याची मुळं इतकी खोल जातात की नांगर अडकतो आणि बैल गुडघ्यावर येतात. वरून कापलं तर पुढच्या पावसात दुप्पट. कारकुनी केलेला माणूस, त्याची बायको आणि दहा वर्षांचे नाना, असे तिघं कुदळीने त्यावर तुटून पडले. राहायला झोपडी केली ती कांसाचीच, भिंती कांसाच्या, छप्पर कांसाचं. ज्याला मारायचं त्याच्याच पोटात राहायचं. नाना सांगतात, "मुळं ओढून हाताला चरे पडायचे. आई त्यावर हळद-तेल लावायची आणि पुन्हा ओढायला पाठवायची." मुळांचे ढीग सगळा उन्हाळा जळत होते. दोन उन्हाळे असे गेल्यावर खाली काळी, लोण्यासारखी जमीन दिसली.

आणि मग त्यांनी तिच्यात बाजरी पेरली.

आजेसासूबाई माहेरच्या नगरकडच्या. जमीन आहे, पाऊस आहे, मग बाजरी का नाही, असा प्रश्न महाराष्ट्रातून आलेल्या माणसालाच पडू शकतो. त्यांनी माहेराहून बी मागवलं, पावसाच्या तोंडावर पेरलं. बाजरी छान उगवली आणि मग महिनाभर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पिवळी झाली, सडली. शेजारच्या रानाचे मालक एक मालवी पटेल होते. ते रोज बांधावरून बघत जायचे. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "पंडतजी, या धरती चौमासा में सोवे हे. इके सोवा दो."

आजेसासूबाईंनी मराठीत तोंड उघडलं, "जमीन झोपली तर आम्ही जेवायचं काय?"

पटेलांना मराठी येत नव्हतं, पण बाईच्या आवाजावरून प्रश्न कळला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीभर गहू पाठवला. लांबट, मधाच्या रंगाचा, दाताखाली खडा लागावा इतका कडक. इकडे त्याला कठिया म्हणतात, दाल-बाफल्यातले बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, त्याचेच चांगले होतात. या गव्हाला वरून पाणी लागत नाही. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं. उघडीप मिळाली की बैलांमागे वखर फिरवून वरची माती खरवडायची, म्हणजे तण मरतं, माती भुसभुशीत राहते आणि पडलेला पाऊस खाली मुरतो. थंडीच्या तोंडावर त्या मुरलेल्या ओलीत बी खोल सोडायचं. पुढचं त्याचं तो बघतो.

हे सगळं आजेसासूबाई दोन वर्षांत शिकल्या आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी तिफणीमागचं चाडं हातात घेतलं. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. तिच्यातून नळ्यांनी बी जमिनीत उतरतं. बैलांच्या चालीने मागे चालायचं आणि मुठीतून बी सोडत राहायचं. मूठ सैल झाली की दाट, आवळली की विरळ. तासन् तास मूठ एकसारखी ठेवायची, हे खरं काम. नऊवारीचा काचा मारून चालणाऱ्या या बाईची मूठ इतकी बसली की पुढे पटेलांच्या घरूनच पेरणीला बोलावणं येऊ लागलं. कचेरीतल्या जुन्या स्नेह्यांना हे ऐकून वाईट वाटे. त्यांना स्वतःला फार आवडे. मी त्यांना पाहिलेलं नाही. भेटल्या असत्या तर आमचं जमलं असतं असं वाटतं.

नानांच्या काळात सोयाबीन आलं. गावात पहिलं सोयाबीन त्यांचं, पहिली बोअरही त्यांचीच. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात बोअरच्या पाण्यावर नव्या जातीचा गहू. कठिया मागे पडला आणि घराच्या पाठीमागे बाफल्यांपुरता उरला. आता गावातल्या निम्म्या बोअर कोरड्या आहेत. नाना म्हणतात, "जमिनीची झोप आम्हीच मोडली." पण रडत नाहीत. लगेच पुढे म्हणतात, "तुझ्या नवऱ्याचं शिक्षण त्या सोयाबीननेच केलं, हेही लिही." लिहिलं.

खालच्या रानातली बोअर गेल्या वर्षी उन्हाळ्यात संपली. तेव्हा मी ठरवलं, हे रान पावसाळाभर मोकळं ठेवायचं आणि थंडीत त्यात कठिया पेरायचा. बोअर आटलेले दोघं-तिघं शेतकरी या बियाण्यासाठी माझ्यामागे लागलेही होते.

श्रीकांत म्हणाला, "लोक हसतील."

"हसू देत."

संध्याकाळी नानांनी गोठ्याच्या माळ्यावरून जुना वखर काढायला लावला आणि त्याची फास, म्हणजे लोखंडी पातं, लोहाराकडे धार लावायला पाठवली. त्यांचं म्हणणं मला कळलं.

पावसाळाभर गावाने करमणूक करून घेतली. "भाभीजी, बीज नहीं मिला क्या? हमसे ले लेतीं!" सगळ्यांची रानं हिरवी आणि आमचं काळंभोर, उघडं. मी उघडीप मिळेल तशी वखर चालवत राहिले. पाऊस संपला तेव्हा वीतभर खाली हात घातला तर मातीचा लाडू वळत होता.

घरचं होतं नव्हतं ते सगळं बी या रानात गेलं. दोन किलो तेवढं डब्यात मागे ठेवलं. दोन किलोंपासून हे रान पुन्हा भरायला तीन हंगाम लागले असते, आणि नाना सत्त्याऐंशीचे होते. हे मलाही माहीत होतं आणि नानांनाही, म्हणून त्यावर बोलणं झालं नाही. आमचं ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र ओलीपर्यंत पोचत नव्हतं, तेव्हा उदयनगरकडून बैलजोडी आणि तिफण आणली. चाडं मी धरलं. नाना बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री घेऊन बसले होते आणि तिथून ओरडत होते, "मूठ आवळ! गहू पेरतेस की भजी सोडतेस?"

आणि आता चार नोव्हेंबरला मी पापडी उचलत बसले होते.

घरी येऊन नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बोरीची फांदी ओढून बघ. काट्यांनी फुटेल." मी आणि श्रीकांतने मोठी फांदी तोडली, वर दगड बांधला आणि रानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ओढली. पापडी फुटली, पण थाळीएवढे तुकडे होऊन सरकली आणि सरकताना कोंबांच्या माना मोडत गेली. दहा पावलांत थांबलो.

"टँकर आणू?" श्रीकांतने विचारलं.

"आज भिजवलं तर दोन दिवसांनी पुन्हा वाळून बसेल. आणि एवढ्या रानाला टँकर किती आणशील?"

तो शाळेची तयारी करायला घरी गेला. मी तिथेच उभी होते. तेवढ्यात शेजारच्या सोयाबीनच्या धसकटांतून मेंढ्यांचा कळप निघाला आणि रस्ता सोडून सरळ आमच्या रानाच्या टोकावरून आडवा गेला. दरवर्षी पाऊस संपला की मारवाडातून मेंढपाळ इकडे उतरतात. हा हरजी. लाल पगडी, खांद्यावर काठी, अनेक वर्षांची तोंडओळख. मी काठी उचलली आणि ओरडत धावले. धावता धावता नजर खाली गेली.

जिथून मेंढ्या गेल्या होत्या तिथली पापडी भुगा झाली होती. तुकडे सरकले नव्हते, जागच्या जागी चुरले होते. मी बसले, बोटाने भुगा बाजूला केला. कोंब शाबूत. दुसरीकडे बघितलं, शाबूत. तिसरीकडचा चिरडलेला, चौथा शाबूत. मेंढी हलकी आणि तिचा खूर लहान, हे मला त्या दिवसापर्यंत कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

"हरजी भिया, रुको! वापस लाओ!"

तो हात जोडून म्हणाला, "गलती हो गई बाईसा. अब नहीं आएँगी."

"अरे, आने को ही बोल रही हूँ. पूरे खेत में घुमाओ."

हरजीने माझ्याकडे नीट बघितलं. "बाईसा, तबियत तो ठीक है? म्हारी उमर निकल गई, खेत वाला लट्ठ लेके भगावे. बुलाय तो आज तक कोई नी."

"मैं बुला रही हूँ."

"फेर लट्ठ क्यों पकड़ रखा है?"

मी काठी टाकली.

त्याला थांबायला सांगून घरी धावले. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "गव्हात मेंढ्या? अगं, आयुष्य गेलं माझं मेंढ्या हाकलण्यात!"

"नाना, वर हिरवं काही आहे का त्यांना खायला?"

"नाही."

"मग खातील काय?"

"तुडवतील."

"तुडवायलाच बोलावतेय."

त्यांनी काठी हातात घेतली. मग म्हणाले, "मला घेऊन चल." श्रीकांतने शाळेला सुट्टी टाकली आणि त्यांना मोटारसायकलवर आम्हा दोघांच्या मधे बसवून आणलं. नाना काठीला टेकून वाकले, मेंढ्यांच्या वाटेवरचा भुगा चिमटीत घेतला, शेजारची पापडी अंगठ्याने दाबली, खालची माती तळहाताला लावून बघितली. एवढ्या वयात माणसाचे हात थरथरतात. मातीत गेल्यावर त्यांचे थांबतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

"आत्ता नको," ते म्हणाले. "वरची अजून थोडी ओलसर आहे. खुराला चिकटून कोंब उपटून येईल. दुपारी फिरव. आणि पळवू नको, चालव. पळणारी मेंढी माती उडवते. त्याचा कुत्रा बांधायला सांग."

कुत्रा बोरीला बांधला. दुपारचं जेवण उरकून आम्ही कळप आत घेतला. पुढे हरजी जिभेने टकटक आवाज करत, त्याच्यामागे घंटा बांधलेली म्हातारी मेंढी आणि तिच्यामागे सगळा कळप. एका कडेला मी, दुसरीकडे श्रीकांत. टोकाला गेलं की वळवायचं, पुन्हा शेजारून आणायचं, वखराच्या पट्ट्यासारखं. मेंढ्यांना काहीच कळत नव्हतं. खायला काही नाही, सावली नाही, आणि माणसं येरझारा घालायला लावतायत. एक मधेच बसली. तिच्यामागच्या दहाही बसल्या. हरजी म्हणाला, "इनके थाँकी बात समझ में नी आय री, बाईसा. म्हारे भी नी आय री." मी जाऊन पहिलीला उठवलं.

रस्त्यावर गाव जमलं होतं. कोणीतरी ओरडलं, "भाभीजी ने गेहूँ भेड़ों को ही दे दिया!" खुर्चीतून नानांनी उत्तर दिलं, "तू भी आ जा भिया, जगह बहुत है!" मग माझ्याकडे वळून, "डावीकडचा पट्टा राहिला! डावीकडचा!"

उन्हं कलेपर्यंत सगळं रान खुरांनी टिपक्याटिपक्याचं झालं. हरजीने कळप रात्रीसाठी आमच्या वरच्या रानात बसवला. तिथली बोअर चालू आहे, तेव्हा मेंढ्यांना पाणीही मिळालं. त्याच्याकडे पोळ्या आणि लसणाची चटणी पाठवली. घरी जेवताना नाना म्हणाले, "माझ्या आईला विचार सुचला नसता. पण सुचला असता तर तिने केलं असतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खालच्या रानात गेले. लांबून काळंच दिसत होतं. बांधावर पोचून खाली बसले आणि रानाच्या पातळीला डोळे आणले, तेव्हा दिसलं. सुईच्या टोकाएवढी हिरवी पाती. खुराच्या खळग्यांतून दोन-दोन, तीन-तीन, आणि लांबवर पाहिलं तर त्यांच्या ओळी, माझ्या मुठीने सोडलेल्या, कुठे दाट, कुठे विरळ. उत्तरेचा कोपरा, जिथे आम्ही फांदी ओढली होती, रिकामा होता. इतर ठिकाणीही काही जागा मोकळ्या होत्या. बाकी रान उगवत होतं.

मागून घंटा वाजली. वरच्या रानातला कळप उठला होता आणि म्हातारी मेंढी हिरव्याच्या वासाने सरळ माझ्याच दिशेने उतारावरून येत होती. काल टाकलेली काठी बांधावर पडली होती. ती उचलून मी आडवी झाले.

"हरजी भिया, फेरो! पाछी फेरो!"

तो वरून हसत ओरडला, "बाईसा, कल तो मेहमान थीं!"

"कल मिट्टी थी! आज गेहूँ है!"

शेवटची मेंढी रस्त्याला लागेपर्यंत मी बांधावरून हलले नाही. मग घरी गेले. नाना ओसरीत दाराकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "नाना, चपला घाला."